मांस टिकविण्याची विद्या : ऊन आणि बर्फ

मे महिन्यांत नांदेड-लातूरकडे दुपारचा पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत गेल्या पिढीपर्यंत तेथील खाटकाचें दुकान पहांटे उघडे आणि दुपारच्या आंत रिकामें होई. बोकड पहांटे कापला जाई, गिऱ्हाईक सकाळीं पिशवी घेऊन येई, आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत तें मटण चुलीवर शिजत असे. संध्याकाळसाठीं कच्चें मटण राखून ठेवण्याची कल्पनाच कोणाला सुचत नसे. मांस आणि ऊन यांची गांठ पडली म्हणजे घड्याळ किती जोरानें धांवूं लागतें, हें या मुलखाला पुस्तकांवांचून ठाऊक होतें.

आतां त्याच शहरांतल्या घरोघरीं फ्रीज आले आहेत. रविवारीं जास्तीचें आणलेलें मटण किंवा कोंबडी डब्यांत भरून फ्रीजरमध्यें जाते आणि पुढच्या पाहुण्यांची वाट पाहत राहते. मग एखाद्या रात्रीं वीज जाते, सकाळीं केव्हां तरी परत येते. किंवा घरचीं माणसें लग्नाला गांवीं गेलेलीं असतांना यंत्रच बंद पडतें आणि परत आल्यावर ध्यानांत येतें. गृहिणी डबा उघडते, नाकाशीं नेते. वास येत नाहीं. तेव्हां मटण चांगलें आहे, नीट शिजवलें म्हणजे झालें, असा निकाल होतो. मांसासाठीं एवढे पैसे मोजलेले, शिवाय अन्न टाकणें हें पाप. त्यामुळें निकाल बहुधा मटणाच्या बाजूनेंच लागतो. परंतु नाकाची ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. त्यांत बुडालेली भांडवलें आहेत, आजारी पडलेलीं गांवें आहेत, आणि मराठवाड्यापुरतें पाहूं गेल्यास एका मोठ्या सामाजिक अन्यायाची कथाही आहे.

प्रथम मराठवाड्याची जुनी रीत पाहावी. उस्मानाबादी शेळीची प्रसिद्ध जात याच टापूंतली. लातूर, उदगीर, तुळजापूर हा तिचा मूळ मुलूख. तिच्या बोकडाचें मटण साधारण बारा-पंधरा किलो भरतें. आखाडांत किंवा जत्रेच्या वेळीं दहा-पंधरा घरांनीं मिळून एक बोकड घ्यावा, त्याचे वांटे घालावे, आणि ज्यानें त्यानें आपला वांटा त्याच दिवशीं रांधून खावा, ही खेड्यांतली पद्धत. वांटे घालण्याच्या पद्धतींत हिशेबाची सोय आहे, तशीच आरोग्याचीही आहे. एका घराला न पेलणारें जनावर दहा घरांत एका दिवसांत संपतें आणि मांस टिकवावें कसें हा प्रश्नच उरत नाहीं. ज्याला साठवणीचें साधन नाहीं, त्यानें शेजाऱ्याच्या पोटांत साठवावें, असें विनोदानें म्हणतां येईल.

परंतु बैल किंवा म्हैस मेली म्हणजे शंभर किलोच्या वर मांस एकदम हातीं येतें. हें मांस येत असे तें गांवकुसाबाहेर. गांवांत मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम जातिव्यवस्थेनें महारांवर लादलेलें होतें, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून तें मांस त्यांच्या वांट्याला येई. एका दिवशीं घरांत एवढें मांस, आणि पुढें कित्येक दिवस कांहींच नाहीं, अशी ती स्थिति. या विषम आवकेंतून मराठवाड्यांतली मांस टिकविण्याची खरी विद्या जन्मली. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापावयाच्या, दोरीवर वाळत घालावयाच्या, कडक उन्हांत त्यांतलें पाणी पुरतें आटूं द्यावयाचें, आणि मग त्या मडक्यांत भरून ठेवावयाच्या. या पट्ट्यांना चान्या म्हणतात. गरज पडेल तेव्हां त्या विस्तवावर भाजाव्या किंवा कोरड्यास म्हणून शिजवाव्या. मराठवाड्यांतल्या महार-मांगांच्या या अन्नाविषयीं शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हें पुस्तक 2015 मध्यें लिहिलें. तोंपर्यंत मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांनीं या स्वयंपाकघराकडे जवळजवळ पाठच फिरविली होती.

चान्यांमागचें शास्त्र अगदीं पक्कें आहे. ताज्या मांसांत सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें आणि जंतूंना वाढण्यास हेंच पाणी लागतें. तें काढून घेतलें म्हणजे जंतु मरत नाहींत, पण त्यांची वाढ थांबते. पट्टी पातळ हवी, कारण जाड तुकडा बाहेरून वाळतो व आंतून नासतो. ऊन कडक आणि हवा कोरडी हवी. मराठवाड्याचा उन्हाळा यासाठीं जणूं योजलेलाच आहे. कोंकणांत हा उद्योग इतक्या सहज साधला नसता. तेथें मासळी वाळवितांना मिठाचा आधार घ्यावा लागतो, तो याच कारणानें. आणि चान्यांचा मोठा गुण असा, कीं त्यांची राखण करणारी गोष्ट त्यांच्या अंगांतच असते. पावसाळ्यांत मडक्यांत ओल शिरली, तर चान्या मऊ पडतात, बुरसतात, त्यांना कीड लागते. म्हणजे राखण सुटली हें डोळ्यांना दिसतें आणि हाताला कळतें.

मात्र या विद्येचें कौतुक करतांना तिची किंमत कोणी मोजली, हें विसरतां येत नाहीं. मेलेलें जनावर कशानें मेलें हें पाहण्याची मुभा त्या घरांना नव्हती. काळपुळी, जिला जनावरांच्या बाबतींत फाशी असेंही म्हणतात, त्या रोगाचे जंतु बीजरूप धारण करून वर्षानुवर्षें तग धरतात, हें रॉबर्ट कॉख यानें 1876 मध्यें दाखवून दिलें. असें बीज उन्हांत वाळून मरत नाहीं. दुष्काळांत जनावरें पटापट मरत, तेव्हां मांस भरपूर आणि धोकाही भरपूर, असा दुहेरी प्रसंग येई. मार्च 1927 मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस खाणें सोडून द्या असें आपल्या लोकांना सांगितलें. त्यांचें सांगणें मुख्यतः स्वाभिमानासाठीं होतें. पण वैद्यकाच्या दृष्टीनेंही त्याहून योग्य उपदेश सांपडणें कठीण. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रांत आधींच बंदी होती. 2015 च्या कायद्यानें ती बैल व वळू यांनाही लागू झाली. चान्यांची दोरी अंगणांतून नाहींशी होण्यास अशीं अनेक कारणें एकामागून एक घडलीं.

उन्हाच्या या विद्येला दुसरा पर्याय जगानें शोधला तो थंडीचा. हिंदुस्थानच्या उष्ण बंदरांत बर्फ प्रथम आला तो अमेरिकेहून, जहाजांत भरून. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें 1833 च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ या जहाजांतून 180 टन बर्फ कलकत्त्यास धाडला. विषुववृत्त दोनदां ओलांडून चार महिन्यांनीं जहाज पोंचलें, तेव्हां त्यांतला सुमारें 100 टन शिल्लक होता. पुढल्याच वर्षीं मुंबईस बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांना आइसक्रीम दिलें. यजमान व पाहुणे दोघांनाही पडसें झालें आणि ‘मुंबई समाचार’नें त्याची नोंद घेतली, अशी हकीकत मुंबईच्या इतिहासांत सांपडते. तो बर्फ चैनीचा होता. त्यानें मांस राखावें, हा विचार जोर धरूं लागला तो आणखी काहीं दशकांनीं, आणि दुसऱ्याच खंडांत.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें त्या काळीं मेंढ्या उदंड आणि खाणारीं तोंडें थोडीं. उलट इंग्लंडांत कारखान्यांचीं शहरें फुगत चाललेलीं आणि मांस महाग. मध्यें तीन महिन्यांचा समुद्र. मेंढ्यांची लोंकर विकावी आणि मांस वितळवून चरबी करावी, एवढाच धंदा तेथें उरला होता. जीलाँग येथील एक वृत्तपत्रकार जेम्स हॅरिसन यानें बर्फ करण्याचें यंत्र स्वतः बनविलें होतें. महिनोन् महिने गोठवून ठेवलेलें मांस खाण्यायोग्य राहतें हें त्यानें 1873 मध्यें मेलबर्नच्या प्रदर्शनांत सिद्ध करून दाखविलें आणि सुवर्णपदक मिळविलें. त्याच वर्षीं ‘नॉरफोक’ या जहाजांतून त्यानें गोमांस इंग्लंडास रवाना केलें. पण जहाजावर यंत्र न बसवितां त्यानें साठविलेल्या बर्फावर भिस्त ठेवली होती. बर्फ अंदाजापेक्षां लवकर सरला, थंडी तुटली, आणि सारा माल वाटेंत नासला. हॅरिसनचें नशीब त्याबरोबर बुडालें. आणि गोठविलेल्या मांसावरचा लोकांचा विश्वास उडाला, तो पुन्हां बसायला कित्येक वर्षें लागलीं. प्रदर्शनांत जें साधलें तें समुद्रावर साधलें नाहीं. मांस गोठविणें एक गोष्ट; तें अखेरपर्यंत अखंड गोठलेलें ठेवणें ही अगदीं निराळी गोष्ट, हें जगाला प्रथम कळलें तें असें.

नऊ वर्षांनीं हा खेळ जिंकला ‘डुनेडिन’ या शिडाच्या जहाजानें. डिसेंबर 1881 मध्यें न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरांत त्याच्या पोटांत मेंढ्या भरूं लागले. यंत्र जहाजावरच होतें. थोड्याच दिवसांत यंत्राचा दांडा मोडला. आंत 643 मेंढ्या गोठून रचलेल्या होत्या. मालकांनीं काय केलें? दुरुस्ती होईपर्यंत दार लावून स्वस्थ बसले नाहींत, किंवा त्याच मेंढ्या पुन्हां गोठवून लंडनला धाडण्याचा मोहही धरला नाहीं. त्या सगळ्या बाहेर काढल्या, तेथल्या तेथें विकून टाकल्या, आणि यंत्र नीट झाल्यावर नवा माल भरला. गोठविलेल्या मांसाच्या साऱ्या इतिहासांत याहून समंजस निर्णय क्वचितच आढळेल.

15 फेब्रुवारी 1882 रोजीं जहाज सुटलें. उष्ण कटिबंधांत शिरतांच कप्तान व्हिटसन याच्या ध्यानांत आलें कीं, थंड हवा सर्व कोपऱ्यांपर्यंत पोंचत नाहीं. कोठाराबाहेर उभें राहून याचा उलगडा होणें शक्य नव्हतें. तो स्वतः हवेच्या मोठ्या नळींतून सरपटत आंत गेला आणि करवतीनें नवीं भोंकें पाडूं लागला. थंडीनें त्याचें अंग इतकें आंखडलें कीं परत फिरणें अशक्य झालें. शेवटीं मेटनें मागून सरपटत जाऊन त्याच्या पायाला दोर बांधला आणि त्याला ओढून बाहेर काढलें. 24 मे रोजीं जहाज लंडनला पोंचलें. सुमारें पांच हजार जनावरांपैकीं टाकून द्यावें लागलें तें एकच. त्या दिवसापासून न्यूझीलंडचें दैव पालटलें. जगांतला गोठविलेल्या मांसाचा आजचा अवाढव्य व्यापार त्या तीन महिन्यांच्या प्रवासाचा वंशज आहे, आणि नांदेडच्या एखाद्या घरांतला छोटासा फ्रीजरही त्याच घराण्यांतला.

यंत्रविद्या अशी पुढें सरकत असतां वैद्यक मात्र बराच काळ नाकावरच विसंबून होतें. मांस कुजल्यावर त्यांत ‘प्टोमेन’ नांवाचीं विषें तयार होतात आणि तींच माणसाला बाधतात, असा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मान्य होता. तो खरा असता तर गृहिणीची वासाची परीक्षा पुरेशी ठरली असती. कुजल्याखेरीज विष नाहीं आणि वासाखेरीज कुजणें नाहीं. या समजुतीला तडा गेला 1888 मध्यें. जर्मनींतल्या फ्रांकेनहाउझेन गांवीं एका आजारी गाईचें मांस खाऊन पन्नासांवर माणसें पडलीं आणि एक दगावला. ऑगस्ट गेर्टनर यानें त्या मांसांत आणि त्या मृत माणसाच्या प्लीहेंत एकच जंतु शोधून काढला. आज सालमोनेला म्हणून ज्या जंतूंचा बोलबाला आहे, त्यांच्याच कुळांतला हा. मांस कुजलेलें असण्याची जरूरच नव्हती. जंतूंची संख्या पुरेशी असणें एवढें बस होतें. नासविणारे जंतु निराळे आणि आजारी पाडणारे निराळे. पहिले दुर्गंधीनें आपली वर्दी देतात, दुसरे देतीलच असा नेम नाहीं.

याहूनही बोधक प्रयोग एम. ए. बार्बर याचा. फिलिपाइन बेटांत एका गोठ्यांतलें दूध प्याल्यावर त्याला वारंवार उलट्या व हगवण यांचा त्रास होई. गाय वरवर निरोगी. ताजें दूध प्यालें तर कांहीं होत नसे. तेंच दूध कांहीं तास बाहेरच्या उष्ण हवेंत राहिलें कीं बाधत असे. बार्बरनें तें स्वतः पिऊन पिऊन पाहिलें आणि 1914 मध्यें निष्कर्ष छापला: गाईच्या कासेंतला एक गोल आकाराचा जंतु, ज्याच्या कुळाला स्टॅफिलोकोकस म्हणतात, उष्ण हवेंत वाढतां वाढतां विष निर्माण करतो. या विषाचा वाईट गुण पुढें कळला तो असा, कीं तें उकळल्यानेंही नष्ट होत नाहीं. जंतु मरतात, विष राहतें. “नीट शिजवलें म्हणजे झालें” या वाक्याचा आधार येथें निसटतो.

आतां फ्रीजरमध्यें नेमकें काय घडतें तें पाहावें. शून्याखालीं दहा-बारा अंशांपलीकडे गेल्यावर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. भारतांत गोठविलेल्या मालासाठीं शून्याखालीं 18 अंश हें मान ठरलेलें आहे. पण वाढ थांबली म्हणजे जंतु मेले असें नाहीं. चान्यांप्रमाणेंच येथेंही ते केवळ निजलेले असतात. शिवाय गोठतांना पाण्याचे जे स्फटिक होतात ते मांसाच्या पेशी फोडतात, म्हणून वितळतांना तांबूस पाणी सुटतें, आणि जागे झालेल्या जंतूंना आयती मेजवानी मिळते. अनुकूल उष्णतेंत कांहीं जातींचे जंतु वीस-वीस मिनिटांनीं दुप्पट होऊं शकतात. या हिशेबानें एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर होतात. मग वीज येते, यंत्र घुरघुरूं लागतें, मांस पुन्हां दगड होतें. परंतु ते वीस लाख पुन्हां एक होत नाहींत. ते तसेच निजतात आणि पुढच्या वेळीं वीज गेली म्हणजे वीस लाखांपासून पुढें मोजूं लागतात. सावकाराच्या वहींतल्यासारखी ही बाकी पुढच्या पानावर ओढली जाते. 2005 नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत भारनियमन कित्येक ठिकाणीं बारा-बारा तासांवर गेलें होतें. त्या दिवसांत तालुक्याच्या गांवीं ज्यांनीं फ्रीजरवर विश्वास टाकला, त्यांच्या मांसाची बाकी किती वेळां ओढली गेली असेल याचा अंदाज करावा.

चान्या आणि गोठविलेलें मांस यांतला भेद येथें उघड होतो. चानीची राखण तिच्या आंत आहे. गोठविलेल्या मांसाची राखण बाहेर, दूरच्या वीजकेंद्रांत आहे. ती सुटली तर मांसाला सांगतां येत नाहीं. आणि ती परत आल्यावर तर सुटल्याची खूणही पुसली जाते.

अमेरिकेच्या शेतीखात्यानें अशा प्रसंगासाठीं जे नियम घालून दिले आहेत ते याच जाणिवेंतून आले आहेत. काठोकाठ भरलेला फ्रीजर, दार न उघडल्यास, सुमारें 48 तास थंडी धरून ठेवतो. अर्धा भरलेला सुमारें 24 तास. फ्रीजचा खालचा, न गोठविणारा कप्पा मात्र चारच तास. मांसांत अजून बर्फाचे कण असतील, किंवा तें हाताला फ्रीजइतकें, म्हणजे चार-पांच अंशांचें थंड लागत असेल, तर तें पुन्हां गोठविण्यास हरकत नाहीं. चव व रस यांत थोडें उणें होईल इतकेंच. त्याहून गरम होऊन दोन तास लोटले असतील तर तें टाकावें. या नियमाला एक पुरवणी आहे: भोंवतालची हवा 32 अंशांहून उष्ण असेल तर दोन तासांऐवजीं एकच तास. अमेरिकेंत ही पुरवणी उन्हाळ्यांतल्या सहलींसाठीं सांगितली जाते. नांदेडला मार्चपासून पुढें कित्येक आठवडे दुपारभर ती पुरवणी हाच मूळ नियम होतो, हें तो नियम घडविणाऱ्यांच्या स्वप्नींही नसेल. थर्मामीटर घरांत असेल तर उत्तम; चव घेऊन पाहण्याची परीक्षा मात्र कोणीही करूं नये, कारण परीक्षकच पहिला रोगी होण्याचा संभव.

वीज गेलेली असतांना माणूस घरीं असेल तर घड्याळ पाहतां येतें. घर बंद असेल तर काय? व्हिटसनला जें अंग आंखडून कळलें, तें बिऱ्हाडांत एका वाटीनें कळूं शकतें. वाटींत पाणी घालून तें फ्रीजरमध्यें गोठवावें, आणि बर्फ पक्का झाल्यावर त्यावर एक रुपयाचें नाणें ठेवून वाटी तेथेंच राहूं द्यावी. गांवाहून आल्यावर प्रथम ती वाटी पाहावी. नाणें वरच असेल तर बर्फ वितळलेला नाहीं. नाणें मध्येंच कोठें तरी अडकलेलें असेल तर बर्फ अर्धामुर्धा पाणी झाला होता. आणि तें तळाशीं जाऊन वर पुन्हां स्वच्छ, कठीण बर्फ जमलेला असेल, तर शेजारच्या डब्यांतलें मटण कितीही ताजें दिसलें, वासाला कितीही निर्दोष लागलें, तरी तें दूर नेऊन पुरावें. गल्लींतल्या कुत्र्यांपुढेंही टाकूं नये.